दादाच्या नावावरचा अभिप्राय

अमेरिकेच्या एका कादंबरीवर मी अभिप्राय लिहिला आणि त्याखाली सही होती दादाची. आता मास्तर नाहीत, आई नाही, दादा तर केव्हाच गेला. ज्यांच्यासाठी गप्प बसायचं ती माणसं संपली, म्हणून लिहायला बसलेय.

आमचं औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. कचेरीचा कारभार उर्दूत, मोठ्या शाळा उर्दूत. मराठी वाचायचं तर गुलमंडीच्या मागं एका माडीवर वाचनालय होतं, तेवढंच. ते चालवणाऱ्या गृहस्थांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. मास्तरांचा एक हट्ट होता. प्रत्येक पुस्तकाच्या मागं ते कोरे कागद शिवून ठेवत. पुस्तक परत करताना त्यावर अभिप्राय लिहायचा आणि खाली सही करायची, नाहीतर पुढचं पुस्तक मिळत नसे. कुणी नुसतं 'आवडले' लिहिलं की मास्तर पुस्तक परत त्याच्या हातात द्यायचे. "जिलबी होती का ही? काय आवडलं ते लिहा," म्हणायचे.

बायका माडीवर जात नसत. पण वाचत मात्र त्याच होत्या. सभासद घरातला पुरुष, वाचणारी घरातली बाई. अभिप्राय ती लिहायची आणि सही त्याच्या नावानं ठोकून द्यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आमच्या किराणा दुकानदाराचा एक अभिप्राय मला अजून पाठ आहे: 'नायिका बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसते, हे पटत नाही. निदान बारा दिवस शेकशेगडी हवी होती.' माडी आठ दिवस हसत होती. दुकानदारही हसत होता बिचारा, करतो काय?

आमच्या घरी सभासद होता दादा. वडील आमच्या लहानपणीच गेले, त्यामुळं दादा उर्दू शाळेतून बाहेर पडला तो थेट कचेरीत अहलकार म्हणून चिकटला. कारकुनी करून तो आम्हा दोघींना पोसायचा. उर्दू त्याची झकास. मराठी मात्र अक्षर अक्षर लावत वाचायचा आणि दुसऱ्या पानावर पेंगायचा. मी मुलींच्या शाळेत मराठी सात यत्ता शिकून घरी बसले होते, माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. आई म्हणायची, "हिची जीभ कात्रीवानी चालती, हिला कोण पदरात घेणार?" ती कात्री मी अभिप्रायांवर चालवायची.

कचेरीला सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी संध्याकाळी मास्तर निवडक अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवत. आमचा बहुतेक वेळा असायचाच. दादा मान खाली घालून बसायचा, लोकांची शाबासकी घ्यायचा, येताना पैठण गेटाजवळून भजी आणायचा आणि मला सांगायचा, "आज वकीलसाहेब तुझ्यावर लई खूश होते. म्हणजे माझ्यावर. फुकटात लेखक झालो बघ मी." त्याला खरंच मजा वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू?

अशात ती अमेरिकेची कादंबरी आली. पुण्याकडं छापलेली, भाषांतर केलेली. एक अफाट नदी, तिच्या काठी रान, रानात राहणारी एक जमात आणि त्यांचा म्हातारा सरदार. पलीकडून गाड्या भरभरून गोरे लोक येतात, लाकडी किल्ला बांधतात. त्या जमातीत वाढलेला एक गोरा वाटाड्या दोन्हीकडच्या भाषा बोलतो आणि दोन्हीकडून मार खातो. होड्यांचे पाठलाग, घोडदौड, पळवलेली मुलगी, सगळं काही. शेवटी सरकारचा कागद येतो: हा काठ सोडा, पलीकडं तुम्हाला जमीन देतो. सरदार विश्वास ठेवतो, अंगठा उठवतो. पलीकडची जमीन निघते दुसऱ्याच कुणाची. हिवाळ्यात माणसं मरतात आणि सरदार रिकाम्या पालात बसल्या बसल्या मरतो.

गावाला त्या पुस्तकानं येड लावलं. नंबर लागायचे. मागचे कागद दोनदा संपले, मास्तरांनी दोनदा नवे शिवले. पुस्तक पुढून जितकं जाड तितकं मागून जाड झालं. मी गोष्ट वाचून झाल्यावर ते अभिप्राय वाचत बसले, तर तीच दुसरी कादंबरी. वकिलांनी लिहिलं होतं की करारावर साक्षीदाराची सही नाही, असला कागद कोर्टात टिकणार नाही. एका शिक्षकांनी भाषांतरातले जड शब्द मोजले होते. कॉलेजातल्या एका पोरानं सरदाराबद्दल अवाक्षर न काढता घोड्याच्या रंगाबद्दल पानभर लिहिलं होतं. शेजारच्या खालांचे मियाँ हिमरूच्या शाली विणायच्या मागावर बसायचे. त्यांना मराठी वाचता यायचं पण लिहिता नाही, म्हणून त्यांनी उर्दूत लिहिलं: रानातल्या लोकांच्या घोंगड्यांवरचा तांबडा पट्टा कशानं रंगवला असेल, कुणाला माहीत असल्यास कळवावं. कुणालाच माहीत नव्हतं. जो तो आपल्या धंद्यापुरतं वाचतो, हे मी तिथं शिकले.

खालांना मी ती गोष्ट दुपारी वाचून दाखवायची, त्यांच्या बोलीत फिरवून. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. सरदार मेला तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जमीन किसकी थी? उन्होंकी," त्या म्हणाल्या. "तो कागद लानेवाले ये कौन होते? कागद चूल्हे में डालना था, और लानेवाले कू नदी में."

मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन तेच मराठीत लिहिलं आणि वर आपला मीठमसाला घातला. 'परक्या राजाचा कागद आला तर त्यावर अंगठा उठवू नये. कागद चुलीत घालावा आणि आणणाऱ्याला नदीपार हाकलावे. सरदार भोळेपणाने मेला. भोळेपणाला मी हौतात्म्य म्हणणार नाही.' खाली दादाचं नाव.

देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान तसंच राहिलं होतं, ते हे वर्ष. रस्त्यातून रझाकारांच्या फेऱ्या निघत. घराघरांत झडत्या होत होत्या. कॉलेजची पोरं सरहद्द ओलांडून पळत होती. अशा दिवसांत माणसानं शब्द तोलून वापरावा. मी पोरसवदा, मला तोलायचं कुठलं भान? दादानं तो कागद न वाचताच नेऊन दिला. मास्तरांनी वाचला, आणि मोठ्यानं वाचून दाखवला. माडीवर टाळ्या पडल्या. त्या शुक्रवारी भजी जरा जास्तच आली होती.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. वाचनालयाला सील ठोकलं होतं, पुस्तकं पोलिसांनी उचलली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच कुणीतरी खबर दिली होती. मास्तर आईशी बोलत होते, पण बघत माझ्याकडं होते.

"अमीनसाहेबांनी तो अभिप्राय उर्दूत करून घेतलाय. दोनदा वाचून घेतला म्हणं," ते म्हणाले. "नाव तुमच्या मुलाचं आहे. अक्षर कुणाचं, ते मला ठाऊक हाय. मी सांगणार नाय. पण तयारीत राहा."

अमीन म्हणजे आमच्याकडचा पोलीस अधिकारी. त्यानं माझं वाक्य दोनदा वाचून घेतलं, हे ऐकून आधी मला आनंद झाला. भीती नंतर आली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण याहून लाजिरवाणं माझ्याजवळ दुसरं काही नाही. भावाच्या गळ्याला फास लागत होता आणि मी मनात फुशारले होते.

दादा कचेरीतून आला. त्याला सगळं कळलंच होतं. मी म्हणाले, "मी जाते आणि सांगते की मी लिहिलं." म्हणाले खरी, पण जागची उठले नाही.

"तू गप," आई म्हणाली. "बाईमाणसाला चावडीत उभं केलं की जन्माचं वाटोळं. तो सरकारी माणूस हाय. आठ दिस ठेवतील न् सोडतील."

दादा म्हणाला, "आई बोलती ते बरोबर हाय." मग मला विचारलं, "लिहिलं काय होतंस पण?" मी वाक्यं म्हणून दाखवली. "लई तिखट झालं गं," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

मी पुन्हा हट्ट धरला नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत आले की आईनं मला अडवलं. आईनं एकदाच 'गप' म्हटलं होतं. एरवी तिनं दहादा 'गप' म्हटलं तरी मी गप बसत नसे.

सकाळी जवान आले आणि त्याला घेऊन गेले. पाठोपाठ घराची झडती होणार हे खालांनी ओळखलं. त्या मागच्या दारानं आल्या, माझ्या अभिप्रायांचे सगळे कच्चे कागद बुरख्याखाली घालून नेले आणि आपल्या चुलीत घातले. झडतीत काही सापडलं नाही. अमीनला मराठी येत नव्हतं, म्हणून अक्षराचा प्रश्नही कुणी काढला नाही. नाव होतं आणि नावाचा धनी हातात होता.

आठ दिवसांचा महिना झाला. मग दर शुक्रवारी घटकाभर आईला तुरुंगाच्या फाटकावर भेटू देऊ लागले. मध्ये जाळी, बाजूला जवान. पहिल्या भेटीहून आई परत आली ती भाकरीचं फडकं हातात तसंच धरून बसली. दादानं हळू आवाजात दिलेला निरोप होता. 'तिला इकडं येऊ देऊ नको, ती बोलून जाईल. पण तिला म्हणावं, मला ती गोष्ट पाहिजे.'

झालं होतं ते असं. अमीननं त्याला विचारलं, कादंबरीत काय आहे? दादाला सांगता येईना. न वाचलेल्या पुस्तकावर एवढा तिखट अभिप्राय लिहितो, म्हणजे पुस्तक हे निमित्त आहे आणि वाक्य दुसऱ्याच कुणी लिहून दिलंय, असा अमीनचा संशय. त्याला त्या माणसाचं नाव हवं होतं. दादा नाव सांगणार नव्हता. मग एकच वाट उरली. आपण कादंबरी वाचलीय हे पटवायचं. अमीन म्हणाला होता, सगळी गोष्ट पुस्तकाशी जुळली तर हे नुसतं किश्श्यावरचं बोलणं होतं असं मी मानीन आणि तुला घरी सोडीन.

चिठ्ठी नेता येत नव्हती. आईला अक्षरओळख नव्हती, पण तिचं डोकं पक्कं होतं. जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यानं पाठ. बुधवारी आणि गुरुवारी मी तिला गोष्टीचा एकेक भाग सांगायची. ती भाकरी थापता थापता म्हणून दाखवायची. ती करमाडकडची. अमेरिका तिला कुठली माहीत? सरदाराला ती पाटील म्हणायची, नदीला गंगा म्हणायची. मी चिडायची. "अगं आई, पाटील नाही, सरदार! तो दादाची परीक्षा घेणार आहे." मग ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणायची. वाटाड्याच्या अंगावरच्या खुणा, किल्ल्याची दोन दारं, मुलीला पळवलं त्या रात्रीचं धुकं. चुलीसमोर बसून माझी अडाणी आई अमेरिका पाठ करत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरामुळं, असं ती म्हणायची.

पाच शुक्रवार गोष्ट चालली. फाटकावरचा जवानही कान देऊन ऐकायचा; त्याला वाटायचं, आई लेकाचं मन रमवतेय. तिसऱ्या शुक्रवारी घटका संपली तरी त्यानं आईला उठवलं नाही. "फिर क्या हुआ, माँ?" म्हणाला. आईला त्याचं फार कौतुक. दादाचा चेहरा सुधारलाय, अमीन त्याची गोष्ट ऐकून घेतोय, एकदा तर त्याला चहा दिला, असं ती येऊन सांगायची. आमच्या घरात पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला. पाचव्या शुक्रवारी शेवटचा भाग होता. आई निघाली तेव्हा मी तिला दारात उभं करून तो दोनदा म्हणवून घेतला. एक शब्द चुकला नाही तिचा.

सहाव्या शुक्रवारी आईला फाटकावरून हाकललं. भेटी बंद. का, ते कुणी सांगेना. त्यानंतर दादा जिवंत आहे की नाही, एवढंही आम्हाला महिनोन्‌महिने कळलं नाही. ज्यानं चहा दिला त्यानंच असं का करावं, मला उलगडेना. आईनं देवासमोर बसणं सोडलं. मी वाचणं सोडलं.

मग हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि चार-पाच दिवसांत राज्य बदललं. गल्लीत गुलाल उधळला. त्याच आठवड्यात खालांचे मियाँ सुताच्या लडी आणायला चिकलठाण्याला गेले ते परत आले नाहीत. त्यांना कुणी मारलं हे लोक कुजबुजत होते, मोठ्यानं कुणी बोललं नाही. जिनं माझे कागद जाळून मला वाचवलं, तिच्या दारात जाऊन मी बसले, पण मीही काही बोलले नाही. खाला महिन्याभरात भावाकडं हैदराबादला गेल्या.

दादा आला तेव्हा आम्ही त्याला आधी ओळखलं नाही. डावा पाय ओढत चालायचा. लघवीला रक्त जायचं. आईनं त्याला लहान मुलासारखं न्हाऊ घातलं आणि पाठ पाहून ती मोरीतच बसून राहिली. गावानं त्याचा सत्कार ठेवला. शाळेच्या मोठ्या खोलीत हार घातले. मास्तरांना तो अभिप्राय पाठ होता. त्यांनी उभं राहून म्हटला, 'परक्या राजाचा कागद आला तर…' आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा मान खाली घालून बसला होता. मी बायकांत मागं होते. मला वाटलं, उठावं आणि ओरडावं. उठले नाही. सवय झाली होती.

त्या संध्याकाळी तो ओसरीवर गळ्यातला हार काढून बसला. आई आत चुलीपाशी होती.

"एक विचारू?" तो मला म्हणाला. "तू शेवट चुकीचा का सांगितलास?"

"कसला शेवट?" मी विचारलं.

"सगळं जुळत होतं. कचेरीतल्या एका मराठी कारकुनाला समोर पुस्तक देऊन बसवलं होतं. मी बोलायचो, तो मान हलवायचा. अमीन हसायला लागला होता. म्हणाला, बस, आज शेवट सांग न् उद्या घरी जा. मी सांगितलं, सरदार कागद फाडतो, लढतो न् त्याला आपली जमीन परत मिळती. कारकून म्हणाला, पुस्तकात तर तो मरतो." दादानं हार बाजूला सारला. "अमीननं कारकुनाच्या हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, किश्श्यात जे नाही ते तुझ्या पोटात आहे, ते आता निघालं. त्या दिवसापासून मारायला लागले."

मी उठून आत गेले. आई त्याच्यासाठी पुरण वाटत होती. मी विचारलं, "आई, त्या शेवटच्या शुक्रवारी दादाला गोष्टीचा शेवट काय सांगितलास?"

तिनं वर पाहिलं. महिनोन्‌महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवलेला होता.

"जाळीमागं बसल्यालं लेकरू ते," ती म्हणाली. "त्याला म्या म्हणू, की तो मरतो? माझी जीभच उचलना. म्हणलं, पाटलानं कागद फाडला, जमीन मिळाली त्याला. असा हसला गं दादा! तेवढ्या हसण्यावर तग धरला त्यानं. नाय तर कवाच गेला असता."

तिनं पुन्हा पाट्यावर वरवंटा ओढला. मी पुरणाचं पातेलं तिच्याजवळ सरकवलं. मग ओसरीवर आले. दादा वाट पाहत होता.

"व्हय दादा," मी म्हणाले. "मीच चुकीचा सांगितला. विसरले मी."

तो माझ्याकडं पाहत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"एवढं वाचतीस," तो म्हणाला, "न् शेवट विसरलीस? माझा जीव टांगला होता गं त्याच्यावर."

त्यानंतर दादा तीन वर्षं जगला. औषध दे, दिवा लाव, आईला हाक मार, एवढं तो माझ्याशी बोलायचा. गेला त्या दिवशी आई उशाशी होती, मी पायाशी. त्यानं आईला हात जोडले. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.